कोकणातील छोट्या व्यवसायांसाठी घातक कचऱ्याचे नियम: सुरुवात कुठून करावी

घातक कचऱ्याचे नियम लोटे-परशुराम, महाड किंवा तळोजा येथील रासायनिक कारखान्यांसाठी असतात, आणि महामार्गावरच्या गॅरेजला, फायबरच्या होड्या बांधणाऱ्या शेडला किंवा खत-औषधांच्या दुकानाला त्यांच्याशी काही देणेघेणे नसते, असा समज कोकणात नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या अनेकांचा असतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेले ‘घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६’ मात्र उद्योगाचा आकार विचारत नाहीत. कोणत्या कामातून कोणता कचरा निघतो, एवढेच ते पाहतात. चार माणसांच्या गॅरेजमधून निघालेले जळके ऑइल आणि मोठ्या कारखान्यातून निघालेले जळके ऑइल या नियमांच्या लेखी एकाच क्रमांकाचा कचरा आहे. लहान व्यवसायांना काही सवलती आहेत आणि त्या पुढे येतीलच, परंतु त्या परवानगीपुरत्या आणि मुदतीपुरत्या आहेत. कचरा योग्य हाती सोपवण्याच्या जबाबदारीतून कोणालाही सूट मिळालेली नाही.

कोकणात ही जबाबदारी अधिक गांभीर्याने घ्यावी लागते, कारण इथली जमीन आणि इथला पाऊस चूक पोटात ठेवत नाहीत. जांभा दगड सच्छिद्र असल्याने त्यावर सांडलेले तेल किंवा थिनर खाली झिरपायला वेळ लागत नाही, आणि त्याच दगडात खोदलेल्या विहिरींवर वाड्यांची तहान भागते. वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळत असल्यामुळे अंगणात उघड्यावर ठेवलेल्या डब्यातले जे काही असेल ते व्हाळात, व्हाळातून नदीत आणि नदीतून खाडीत जाते, जिथे कालवे, तिसऱ्या आणि मासळी यांवर अनेक घरांची चूल चालते. हे लक्षात घेऊन पुढील टप्प्यांकडे पाहिले, तर ते कार्यालयाने लादलेले सोपस्कार वाटणार नाहीत.

पहिला टप्पा: आपल्या जागेतील कचऱ्याची यादी

अर्ज, शुल्क आणि सल्लागार यांच्या मागे लागण्यापूर्वी एक दिवस काढून आपल्या जागेत फिरावे आणि कोणत्या कामातून काय उरते ते लिहून काढावे. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत कामांची आणि त्यांतून निघणाऱ्या घातक कचऱ्यांची क्रमांकवार यादी दिलेली आहे, आणि छोट्या व्यवसायांचा संबंध त्यांपैकी मोजक्याच नोंदींशी येतो. वापरलेले किंवा जळके ऑइल हे ५.१ मध्ये येते. तेल असलेला गाळ आणि अवशेष हे ५.२ मध्ये येतात. रसायने लागलेली रिकामी बॅरल, कॅन आणि त्यांच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर ३३.१ मध्ये; तेल किंवा रसायन पुसलेल्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट ३३.२ मध्ये, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून निघणारा रासायनिक गाळ ३५.३ मध्ये. रंग, वॉर्निश आणि शाई यांच्या औद्योगिक वापरातून उरणारे अवशेष, तसेच वापरून खराब झालेली द्रावके यांनाही स्वतंत्र नोंदी आहेत. एखादा कचरा पहिल्या अनुसूचीत सापडला नाही, तर दुसऱ्या अनुसूचीत दिलेल्या घटकांच्या प्रमाणावरून तो घातक ठरतो की नाही हे प्रयोगशाळेतील चाचणीने पाहावे लागते, परंतु लहान व्यवसायावर ही वेळ क्वचित येते.

ही यादी व्यवसायागणिक फार वेगळी निघते. मुंबई-गोवा महामार्गावरच्या गॅरेजमध्ये जळके ऑइल, ऑइल फिल्टर, ग्रीस लागलेल्या चिंध्या आणि रंगकामाचा थिनर असतो. मिरकरवाडा, हर्णे, साखरी नाटे किंवा मालवण इथल्या बंदराजवळ इंजिनदुरुस्तीची कामे करणाऱ्यांकडे त्याच्या जोडीला होडीच्या तळातून उपसलेले तेलकट पाणी येते. फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांकडे रेझिनचे डबे, ॲसिटोनने पुसलेल्या चिंध्या आणि हार्डनरचे कॅन उरतात. आंबा कॅनिंगचा कारखाना, काजू प्रक्रिया केंद्र, बर्फाचा कारखाना किंवा समुद्रकाठचे रिसॉर्ट यांचा मुख्य माल कितीही निरुपद्रवी असला, तरी त्यांच्या जनरेटरचे आणि कॉम्प्रेसरचे ऑइल बदलावेच लागते, आणि यादी करताना नेमके तेच विसरले जाते. खत-औषधांच्या दुकानात मुदत संपलेली कीटकनाशके फळीवर मागे सरकवून ठेवलेली असतात. तीही पहिल्या अनुसूचीतील घातक कचरा आहेत, आणि ती गटारात ओतणे किंवा स्वस्तात कुणा बागायतदाराच्या गळ्यात मारणे हे दोन्ही गैर आहे.

यादीतून काही वस्तू बाजूला काढाव्या लागतात, कारण त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. जुन्या बॅटऱ्या ‘बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२’ खाली येतात; बाद झालेले संगणक, प्रिंटर आणि पाऱ्याच्या ट्यूबलाइट ‘ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२’ खाली; आणि दवाखाने, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा यांच्या सुया व पट्ट्या ‘जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६’ खाली. गॅरेजवाल्यांनी बॅटऱ्या विक्रेत्यामार्फत परत पाठवाव्यात आणि त्यांतले आम्ल स्वतः ओतून टाकण्याचा प्रकार कधीही करू नये.

यादीच्या प्रत्येक ओळीपुढे महिन्याला किती निघते याचा अंदाज लिहावा. समजा, एखाद्या गॅरेजमध्ये रोज तीन गाड्यांचे ऑइल बदलले जाते आणि प्रत्येक गाडीमागे चार लिटर निघते. महिन्याला पंचवीस दिवस काम धरले, तर तीनशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरची दीड बॅरल, आणि वर्षाला छत्तीसशे लिटर, म्हणजे वजनाने साधारण सव्वातीन टन होतात. हा आकडा पुढे अर्जात, साठवणीच्या मुदतीत आणि वार्षिक विवरणपत्रात असा तीन ठिकाणी लागतो, म्हणून तो अंदाजपंचे न ठेवता बिलांवरून काढलेला बरा.

दुसरा टप्पा: आपण कोणत्या प्रवर्गात आहोत

प्रदूषणाच्या शक्यतेनुसार उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशी वर्गवारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये केली, आणि अलीकडे तिच्यात फेरबदलही झाले आहेत. २०१६ च्या वर्गवारीत मोटार सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि रंगकाम हे नारिंगी प्रवर्गात होते, आणि मासळीवर प्रक्रिया करून ती पॅक करणारे उद्योगही नारिंगीतच होते. आपल्या कामाचा आजचा प्रवर्ग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरील चालू यादीत स्वतः पाहावा. शेजारच्या दुकानदाराने दहा वर्षांपूर्वी काय केले होते, त्यावर विसंबू नये.

लाल, नारिंगी आणि हिरव्या प्रवर्गाला जल अधिनियम, १९७४ आणि वायू अधिनियम, १९८१ खाली आधी उभारणीचे आणि नंतर चालवण्याचे संमतीपत्र घ्यावे लागते. संमतीपत्र लागते आणि घातक कचराही निघतो, अशा व्यवसायाला २०१६ च्या नियमांतील सहाव्या नियमाप्रमाणे घातक कचऱ्याचे प्राधिकारपत्र, ज्याला व्यवहारात सगळे ऑथरायझेशन म्हणतात, तेही घ्यावे लागते. ज्यांना मुळात संमतीपत्रच लागत नाही, त्यांना १ मार्च २०१९ च्या दुरुस्तीने प्राधिकारपत्रातून सूट दिलेली आहे. या सवलतीची चर्चा खूप होते, पण तिची अट सोडून देऊन होते, म्हणून ती अट इथे स्पष्ट लिहितो: निघालेला घातक कचरा अधिकृत वापरकर्त्याला, अधिकृत संकलकाला किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्राला दिला, तरच ही सूट लागू होते. भंगारवाल्याला जळके ऑइल विकणाऱ्या पांढऱ्या प्रवर्गातील व्यवसायाची सूट त्या विक्रीबरोबरच संपते.

तिसरा टप्पा: अर्ज

प्राधिकारपत्राचा अर्ज नमुना १ मध्ये करायचा असतो, आणि महाराष्ट्रात तो संमतीपत्राच्या अर्जाबरोबर एकत्रितपणे मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. अर्जात पहिल्या टप्प्यातील यादी, अनुसूचीतील क्रमांक, वार्षिक प्रमाण, साठवण्याची जागा आणि कचरा शेवटी कोणाकडे जाणार हे द्यावे लागते. अर्ज परिपूर्ण असल्यास १२० दिवसांत निर्णय व्हावा, अशी तरतूद आहे, आणि मिळालेले प्राधिकारपत्र पाच वर्षे चालते.

अर्ज सल्लागाराकडून भरून घ्यायला हरकत नाही, पण पोर्टलवरची नोंदणी आपल्याच ईमेल पत्त्यावर आणि आपल्याच मोबाइल क्रमांकावर करावी. सल्लागाराच्या क्रमांकावर नोंदणी झाली, की मंडळाने विचारलेल्या शंका, मुदतीच्या सूचना आणि नोटिसा त्याच्याकडे जातात, आणि मालकाला त्यांचा पत्ता लागतो तेव्हा उत्तर देण्याची वेळ टळून गेलेली असते. अर्जात कमी प्रमाण दाखवण्याचा सल्लाही काही जण देतात. तो मानू नये. प्रत्यक्षात जास्त कचरा निघू लागला, की तो कायदेशीरपणे द्यायची वाटच आपण बंद करून घेतलेली असते.

प्राधिकारपत्र हाती आल्यावर ते फ्रेम करून भिंतीवर लावण्यापूर्वी त्यातील अटी एकदा पूर्ण वाचाव्यात, आणि ज्या अटी कामगारांशी संबंधित आहेत त्या त्यांना मराठीत समजावून सांगाव्यात. ऑइल बदलणारा मुलगा या अटी पाळत नसेल, तर मालकाच्या कपाटातल्या कागदाला अर्थ राहत नाही.

चौथा टप्पा: साठवण, आणि पावसाळा

आठव्या नियमाप्रमाणे घातक कचरा आपल्या जागेत जास्तीत जास्त नव्वद दिवस साठवता येतो. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्या लहान व्यवसायांना ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते, मात्र ती आपोआप वाढत नाही. मंडळाकडे मागणी करून ती मिळवावी लागते. वरच्या उदाहरणातील गॅरेज सव्वातीन टनांवर असल्याने ते या सवलतीस पात्र ठरते, आणि माझे मत असे आहे, की कोकणातील प्रत्येक पात्र व्यवसायाने ही वाढ अर्जाच्या वेळीच मागावी. नव्वद दिवसांत साडेचार बॅरल भरतात, आणि तेवढ्यासाठी दूरच्या संकलकाची गाडी येतेच असे नाही.

साठवणीची जागा छपराखाली, कुलूपबंद आणि काँक्रीटच्या किंवा तसल्याच न झिरपणाऱ्या जमिनीची असावी. तिच्या भोवती एवढा कठडा बांधावा, की सर्वांत मोठे बॅरल फुटले तरी त्यातले सगळे तेल आतच अडेल. कठड्याच्या आतून बाहेर जाणारे गटार किंवा भोक ठेवू नये. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यामुळे नुसत्या पत्र्याच्या छपराने काम भागत नाही. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची बाजू भिंतीने बंद करावी. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत लोखंडी बॅरलचा तळ गंजतो आणि वरून धडधाकट दिसणारे बॅरल उचलताना खालून सुटते, म्हणून बॅरल जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावे आणि दर महिन्याला त्याचा तळ पाहावा.

पुराचा विचार या जागेची निवड करतानाच करावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि महाडलाही सावित्रीच्या पुराने वेढले, तेव्हा जमिनीवर ठेवलेले जे जे तरंगू शकत होते ते वाहून गेले. तेलाने अर्धे भरलेले बॅरल पाण्यावर तरंगते. नदीकाठच्या शहरांत ज्यांची जागा आहे, त्यांनी आपल्या भागातील पुराची खूण पाहून त्याच्या वर चौथरा घ्यावा किंवा पावसाळ्यात साठा जवळजवळ रिकामा राहील अशी व्यवस्था करावी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक उचल ठरवून टाकणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि इंजिनांची मोठी कामे याच काळात निघतात. म्हणजे बंदरातल्या कार्यशाळेत जळके ऑइल सर्वाधिक जमा होते ते ऐन पावसात. अशांनी बंदी सुरू होण्यापूर्वी जागा रिकामी करून ठेवली नाही, तर जुलैमध्ये बॅरल ठेवायला कोरडी जागा उरत नाही.

वेगवेगळे कचरे एकत्र ओतू नयेत, हा साठवणीतला दुसरा महत्त्वाचा नियम आहे. जळक्या ऑइलमध्ये कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोल, थिनर किंवा पावसाचे पाणी मिसळले, की पुनर्प्रक्रियेसाठी ठरवलेल्या गुणवत्तेत ते बसत नाही, आणि ज्याचे पैसे मिळाले असते त्याची विल्हेवाट पैसे देऊन करावी लागते. फिल्टर उलटे ठेवून पूर्ण निथळू द्यावेत आणि वेगळ्या झाकणबंद डब्यात ठेवावेत. फायबरच्या कामात हार्डनर म्हणून वापरले जाणारे पेरॉक्साइड आणि कोबाल्टचे ॲक्सिलरेटर हे दोन्ही एकमेकांना थेट लागले तर भडका किंवा स्फोट होऊ शकतो, म्हणून त्यांचे भरलेले आणि रिकामे असे दोन्ही कॅन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत. एकाच खोलीतली दोन कपाटे पुरेशी नाहीत.

प्रत्येक बॅरलवर नमुना ८ प्रमाणे लेबल हवे. त्याची पार्श्वभूमी झळझळीत पिवळी असते, घातक कचरा असल्याचा आणि काळजीपूर्वक हाताळण्याचा इशारा लाल अक्षरांत इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्यायचा असतो, आणि लेबल पाण्याने न धुपणारे असावे लागते. कागदावर छापून चिकटवलेले लेबल आपल्या दमट हवेत टिकत नाही. रंगाने रंगवलेले किंवा जाड विनाइलचे लेबल घ्यावे.

पाचवा टप्पा: कचरा कोणाला द्यावा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, आणि त्या बहुधा वाईट हेतूने होत नाहीत. जळके ऑइल मागायला येणारे लोक गावात पुष्कळ असतात. सेंटरिंगवाल्याला ते प्लेटांना लावायला हवे असते, कुणाला कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून हवे असते, कुणाला भट्टीत जाळायला हवे असते. मागणारा ओळखीचा असतो, पैसे रोख मिळतात आणि बॅरल रिकामे होते. परंतु इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि अर्धवट जळालेली संयुगे असतात. खांबाला लावलेले ऑइल पहिल्या पावसात मातीत उतरते, आणि उघड्या भट्टीत जाळलेल्याचा धूर वाडीवर पसरतो. नियमांप्रमाणे जळके ऑइल फक्त अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला किंवा अधिकृत संकलकालाच देता येते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलसाठी उत्पादकांवरही विस्तारित जबाबदारी आलेली आहे, म्हणजे वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना ठरावीक प्रमाणात जुन्या ऑइलची पुनर्प्रक्रिया घडवून आणावी लागते. आपण ज्या कंपनीचे ऑइल घेतो, तिच्या वितरकाला संकलनाची काय सोय आहे हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

रिकाम्या पिंपांबद्दल मला विशेष कळकळीने लिहायचे आहे. एप्रिल-मेमध्ये कोकणातील अनेक वाड्यांवर पाणी विकत घ्यावे लागते, आणि रसायनांचे रिकामे निळे पिंप स्वस्तात मिळाले तर ते धुऊन पाणी साठवायला घेतले जाते. साबणाने धुतले तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेले द्रावक किंवा कीटकनाशक निघत नाही. असे पिंप विकणाऱ्याने ते कोणत्या कामाला जाणार हे विचारले नाही, तरी नियमांनुसार ते ३३.१ मधील घातक कचराच राहते, आणि त्यातले पाणी कुणी प्यायले तर त्या नुकसानीची जबाबदारी मूळ मालकापर्यंत येते. असे पिंप एक तर पुरवठादाराला परत करावे किंवा पिंपांची शास्त्रीय सफाई करण्याचे प्राधिकारपत्र असलेल्यालाच द्यावे. यांपैकी काहीच होणार नसेल, तर त्याला भोके पाडून ते निरुपयोगी करावे आणि तशाच स्थितीत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावे.

चिंध्या, फिल्टर, गाळ आणि मुदत संपलेली रसायने यांना खरेदीदार नसतो. हा कचरा सामायिक विल्हेवाट केंद्रात जातो, जिथे तो प्रकाराप्रमाणे भट्टीत जाळला जातो किंवा अस्तर घातलेल्या सुरक्षित भूभरावात पुरला जातो. कोकणात असे केंद्र तळोजा येथे आहे. त्याचे सदस्यत्व घ्यावे लागते आणि वजनाप्रमाणे शुल्क द्यावे लागते. पनवेल-पेणच्या व्यवसायाला हे सोपे आहे. सावंतवाडीच्या व्यवसायाला ते चारशे किलोमीटरहून अधिक दूर पडते आणि महिन्याला दहा-वीस किलो चिंध्यांसाठी गाडी बोलावणे परवडत नाही. यावर वाट आहे, ती एकत्र येण्याची: एकाच एमआयडीसीतील किंवा एकाच बंदरातील व्यवसायांनी एकाच दिवशी उचल ठरवावी, गाडीने प्रत्येकाच्या दारातून कचरा घ्यावा आणि भाडे वाटून द्यावे. मच्छिमार सहकारी संस्था किंवा औद्योगिक संघटना हे काम चांगले करू शकतात. मात्र, सगळ्यांचा कचरा आधी एका सदस्याच्या शेडमध्ये जमा करण्याची चूक करू नये. दुसऱ्याचा घातक कचरा साठवायला स्वतंत्र प्राधिकारपत्र लागते, आणि प्रत्येकाचे कागद प्रत्येकाच्या नावानेच व्हायला हवेत.

घेणारा कोणीही असो, त्याच्याकडून प्राधिकारपत्राची प्रत मागून घ्यावी आणि त्यात चार गोष्टी तपासाव्यात: मुदत संपलेली नाही ना, आपल्या कचऱ्याचा क्रमांक त्यात आहे का, त्याला मंजूर असलेले प्रमाण पुरेसे आहे का, आणि आलेली गाडी अधिकृत आहे का. ‘साहेब, कागद ऑफिसला आहे, नंतर पाठवतो’ असे उत्तर मिळाले, तर बॅरल गाडीत चढवू नये.

सहावा टप्पा: मॅनिफेस्टच्या सात प्रती

कचरा आपल्या दारातून निघताना नमुना १० चे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याबरोबर जाणारे वाहतुकीचे पत्रक, करायचे असते. त्याच्या सात प्रती असतात आणि त्यांचे रंग ठरलेले आहेत. पांढरी प्रत पाठवणाऱ्याने, म्हणजे आपण, मंडळाला पाठवायची. पिवळी प्रत वाहतूकदाराची सही घेऊन आपल्याजवळ ठेवायची. उरलेल्या पाच प्रती गाडीबरोबर जातात. तिकडे पोहोचल्यावर गुलाबी प्रत घेणारा ठेवून घेतो, नारिंगी वाहतूकदाराला देतो, हिरवी मंडळाला पाठवतो आणि निळी आपल्याला परत पाठवतो. करडी प्रत कचरा दुसऱ्या राज्यात गेला तरच उपयोगात येते, आणि ती पाठवणाऱ्याच्या राज्यातील मंडळाकडे जाते; गोव्याच्या सीमेवरच्या दोडामार्ग-सावंतवाडी भागातील व्यवसायांनी एवढे ध्यानात ठेवावे, की सीमेपलीकडे कचरा पाठवताना दोन्ही राज्यांच्या मंडळांशी आधी पत्रव्यवहार करावा लागतो.

या सातांपैकी निळ्या प्रतीवर डोळा ठेवावा. पिवळी प्रत एवढेच सांगते, की कचरा आपल्या दारातून गाडीत चढला. तो जिथे जायचा तिथे पोहोचला आणि वजन जुळले, हे निळी प्रत सांगते. ती वेळेत आली नाही तर फोन करावा, तरीही आली नाही तर मंडळाला लेखी कळवावे. गाडीवाल्याने वाटेतल्या एखाद्या वळणावर बॅरल उलटे केले, तर अशा लेखी पत्रावरूनच आपण आपले काम केले होते हे दिसते. गाडीबरोबर नमुना ९ चे आणीबाणीचे कार्डही द्यायचे असते, ज्यात आत काय आहे, गळती किंवा आग लागल्यास काय करावे आणि कोणाला फोन करावा हे लिहिलेले असते. घाटात गाडी उलटली तर पोलीस आणि अग्निशमन दलाच्या हाती पहिल्यांदा हेच पडते.

सातवा टप्पा: नोंदवही, विवरणपत्र आणि दंड

किती कचरा निघाला, किती साठवला आणि किती कोणाला दिला याची नोंद नमुना ३ मध्ये ठेवायची असते, आणि एप्रिल ते मार्च या वर्षाचे विवरणपत्र नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत मंडळाला द्यायचे असते. नोंदवही रोज संध्याकाळी लिहिली, तर विवरणपत्राला तासभर पुरतो. वर्षभराचे आकडे जूनमध्ये आठवून लिहिले, तर ते मॅनिफेस्टशी जुळत नाहीत, आणि तपासणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा हेच जुळवून पाहतो.

जनविश्वास कायद्याने केलेल्या दुरुस्तीमुळे १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण अधिनियमाच्या उल्लंघनाला पूर्वीच्या तुरुंगवासाच्या शिक्षेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याशिवाय, अयोग्य हाताळणीमुळे पर्यावरणाचे किंवा कुणाचेही नुकसान झाले तर ते भरून देण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी भोगवटादारावर, म्हणजे जागेचा आणि कामाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्यावर टाकलेली आहे. जागा भाड्याची असली तरी भोगवटादार आपणच असतो. विहीर, नदी किंवा खाडीत घातक पदार्थ सोडणे हे जल अधिनियमाच्या कलम २४ खालीही प्रतिबंधित आहे, आणि त्याला प्रवर्गाची किंवा आकाराची कोणतीही सवलत नाही.

गळती, आग किंवा पूर आल्यास

आधी माणसांना बाजूला करावे, विजेचा मुख्य स्विच बंद करावा आणि आग असल्यास ११२ वर कळवावे. सांडलेल्या तेलावर पाणी मारू नये. पाण्याबरोबर ते गटारात जाते. कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे, आणि असा भुसा भरलेली दोन पोती साठवणीच्या जागेजवळ कायम कोरडी ठेवावीत. हा तेल प्यायलेला भुसा आणि वाळू नंतर घातक कचराच ठरतात, म्हणून ते झाकणबंद डब्यात भरून ठेवावे. अपघाताची माहिती मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला ताबडतोब फोनवर किंवा ईमेलने द्यायची असते आणि नंतर नमुना ११ मध्ये लेखी अहवाल पाठवायचा असतो. पुरात एखादे बॅरल वाहून गेले, तर ते लपवू नये; खालच्या गावाला आणि मंडळाला कळवले तर कुणी ते पाण्यासाठी उचलून नेण्यापूर्वी त्याचा शोध घेता येतो.

जागा सोडताना किंवा व्यवसाय बंद करताना

भाड्याची मुदत संपली किंवा व्यवसाय दुसऱ्याला विकला, तर शेवटचा साठा आपल्याच नावाच्या मॅनिफेस्टवर पाठवून द्यावा, जमिनीवरचे तेलाचे थर खरवडून तेही त्यातच घालावेत, आणि संमतीपत्र व प्राधिकारपत्र बंद करण्यासाठी किंवा नव्या मालकाच्या नावावर बदलण्यासाठी मंडळाला लेखी कळवावे. नवीन मालकाने ताबा घेताना जागेचे फोटो तारखेसह काढावेत आणि मागचे वार्षिक विवरणपत्र मागून घ्यावे. ते मिळत नसेल, तर आधीचा कचरा कुठे गेला असेल याचा विचार करून परसातली माती आणि विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, आणि मगच करारावर सही करावी.